पोस्ट का उडाली आणि आता काय करायचं? इंदूरच्या मराठी पेज-ग्रुप सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी मंडळांची, नाट्यसंस्थांची, वधूवर सूचक ग्रुपची पेजं बहुतेक ठिकाणी एक-दोन माणसंच सांभाळतात, तीही नोकरी-घर बघून. पोस्ट काढली गेली, पेजवर बंदी आली की रामबागेपासून सुदामानगरपर्यंत सगळ्यांना तेच प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. नियम बदलत असतात, म्हणून जिथे मुदत किंवा आकडा आहे तिथे तो कधीपासूनचा तेही सांगितलं आहे.

हे नियम ठरवतं कोण? कंपनी की सरकार?

दोघंही, पण दोघांचे नियम वेगळे. पोस्ट कोणाच्या नियमाखाली गेली हे आधी ओळखायला हवं, कारण पुढची वाट त्यावर ठरते.

कंपनीचे स्वतःचे नियम असतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर त्यांना कम्युनिटी स्टँडर्ड्स म्हणतात, यूट्यूबवर कम्युनिटी गाइडलाइन्स. खातं उघडताना आपण ते मान्य केलेले असतात. कायद्यानं गुन्हा नसलेली गोष्टही कंपनी आपल्या नियमाखाली काढू शकते.

सरकारची बाजू माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये आहे. लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून कलम ७९ कंपनीला सूट देतं, पण त्याला अटी आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात स्पष्ट केलं, की कोणी नुसती तक्रार केली म्हणून कंपनीवर मजकूर काढण्याचं कायदेशीर बंधन येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. असा आदेश आल्यावर मजकूर काढायला २५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी ३६ तास दिले होते. २० फेब्रुवारी २०२६ पासून ती मुदत ३ तासांवर आली. तीन तासांत आदेश बारकाईनं वाचून त्यावर हरकत घेणं कोणत्याही कंपनीला अवघडच आहे. म्हणून आदेश आला की मजकूर आधी उतरणार, विचार नंतर होणार, हे धरून चाला.

भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना याखेरीज भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि दर महिन्याला अहवाल छापावा लागतो. हा तक्रार अधिकारी पुढे आपल्या फार कामाचा आहे.

महापालिकेवर टीका केली तर पोस्ट जाते का?

कंपनीच्या नियमांनुसार जायला नको. द्वेषाचा नियम माणसांच्या गटांना संरक्षण देतो, संस्थांना किंवा पदांना नाही. फेसबुकच्या यादीत वंश, धर्म, जात, लिंग, अपंगत्व, राष्ट्रीयत्व, गंभीर आजार वगैरे गोष्टी आहेत. जात त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे आणि आपल्याकडच्या वादांत बहुतेक वेळा तेच कलम लागतं. 'आमच्या गल्लीतला ड्रेनेज तीन आठवडे तुंबलाय, महापालिका झोपली आहे का?' हे चालतं. 'अमुक जातीचे लोक असलेच' हे चालत नाही, मग वाक्य कितीही गमतीत लिहिलेलं असो.

घोळ होतो तो मधल्या जागेत. टीका अधिकाऱ्यावर असते, पण खालच्या कमेंटमध्ये कोणीतरी त्याच्या आडनावावरून जातीवर घसरतो. रिपोर्ट होतो तेव्हा कमेंट आणि पोस्ट दोन्ही तपासात येऊ शकतात. अशी कमेंट दिसली की लगेच उडवा, वादात पडू नका.

पोस्ट तपासतं कोण? माणूस की मशीन?

आधी मशीन, मग काही पोस्टसाठी माणूस. मशीनचीही दोन वेगळी कामं असतात.

पहिलं काम ठसे जुळवण्याचं. आधी काढलेल्या फोटोचा किंवा व्हिडिओचा आकड्यांत ठसा घेऊन ठेवतात आणि नवा फोटो चढला की त्याचा ठसा ताडून बघतात. मायक्रोसॉफ्टचं फोटोडीएनए २००९ पासून याच कामाला आहे. फेसबुकनं २०१९ मध्ये खुली केलेली पीडीक्यू पद्धत प्रत्येक चित्राचा २५६ बिटांचा ठसा घेते. फोटो थोडा लहान केला, रंग फिके केले तरी ठसा जवळपास तोच राहतो. म्हणून काढलेला फोटो थोडा बदलून पुन्हा टाकला की तो काही सेकंदांत परत उडतो आणि वर दुसरा स्ट्राइक, म्हणजे खात्यावर नियमभंगाची नोंद, बसतो. तोच फोटो पुन्हा चढवू नका, आधी अपील करा.

दुसरं काम अंदाजाचं. शब्द, चित्र, आवाज बघून मशीन ठरवतं की हे नियमाबाहेरचं असण्याची शक्यता किती. शक्यता फार जास्त वाटली तर पोस्ट थेट जाते, मधली असेल तर माणसाकडे. माणसाकडच्या रांगेत आधी कोणती पोस्ट घ्यायची हे किती गंभीर आहे, किती वेगानं पसरते आहे आणि नियमभंगाची किती शक्यता आहे, यावर ठरतं. ७ जानेवारी २०२५ ला फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीनं, म्हणजे मेटानं, जाहीर केलं, की आपोआप होणारी तपासणी यापुढे दहशतवाद, मुलांचं शोषण, अमली पदार्थ, फसवणूक अशा गंभीर गोष्टींवर जास्त राहील आणि बाकीच्यात लोकांच्या रिपोर्टवर अधिक भर असेल. याचा अर्थ ग्रुपमधली सौम्य पण त्रासदायक घाण आता कोणीतरी रिपोर्ट केल्याशिवाय हलण्याची शक्यता कमी आहे.

तपासणारी माणसं बहुतेक ठेकेदार कंपन्यांची असतात. दिवसभर हिंसा आणि अश्लीलता बघून त्यांच्या मनावर होणारा परिणाम खरा आहे. फेसबुकनं अमेरिकेतल्या अशा कर्मचाऱ्यांच्या दाव्यात २०२० मध्ये ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं होतं. अपिलात त्यांना शिव्या लिहून काही मिळत नाही, आणि ते बरंही नाही.

आमची साधी मराठी पोस्ट शस्त्रविक्री म्हणून कशी काय जाऊ शकते?

हा प्रश्न इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसाला पुण्यापेक्षा जास्त भेडसावतो. लिपी एकच, पण भाषा दोन. मराठी मजकूर हिंदी समजून वाचला गेला की अर्थ फिरतो.

'कट्टा' हा शब्द घ्या. आपल्याला कट्टा म्हणजे बसायची जागा, गप्पांची बैठक, साहित्याचा कार्यक्रम. मध्य प्रदेशातल्या हिंदीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. 'शनिवारी संध्याकाळी कट्टा आहे, ज्यांना हवं त्यांनी मेसेज करा, शुल्क १०० रुपये' हे आमंत्रण हिंदी म्हणून वाचून बघा. वस्तू आहे, किंमत आहे, खासगीत संपर्क करा असंही आहे. शस्त्रविक्रीच्या जाहिरातीत यापेक्षा वेगळं काय असतं?

'शिक्षा' दुसरा शब्द. मराठीत 'शाळेत मुलांना शिक्षा करतात' ही तक्रार आहे, हिंदी डोळ्यांना ते शिक्षणाबद्दलचं वाक्य दिसतं. पालकांनी मारहाणीबद्दल रिपोर्ट केलेली पोस्ट 'नियमभंग आढळला नाही' म्हणून परत येऊ शकते ती अशी. आपल्या बोलण्यातले प्रेमळ वाक्प्रचारही मशीनला प्रेमळ वाटत नाहीत. गायकाला 'मारून टाकलंस रे!', नटाला 'काल जीव घेतलास', घरच्या कार्याबद्दल 'डिसेंबरात बार उडवायचा आहे'. माणूस हसेल, मशीन धमकी आणि गोळीबार मोजेल.

मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप केली की अडचण वाढते, कारण एकच शब्द पाच तऱ्हांनी लिहिला जातो. देवनागरीत लिहा.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तिथल्या प्रत्येक अधिकृत भाषेसाठी किती माणसं तपासणीला आहेत ते जाहीर करावं लागतं. भारताच्या नियमांत तसं बंधन नाही. मराठी वाचणारी किती माणसं आमच्या पोस्ट तपासतात, हे विचारायचा हक्क आपल्याला मिळायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

मग लिहायचं कसं?

पोस्ट तपासणाऱ्याला इंदूर माहीत नाही, असं धरून लिहा. पोस्ट एकटी, संदर्भाशिवाय, काही सेकंद बघितली जाते. खालच्या कमेंटमध्ये दिलेला खुलासा त्याच्यासमोर येईलच असं नाही. तो खुलासा पहिल्या ओळीत हवा.

अनंत चतुर्दशीच्या झांकीचं, म्हणजे चित्ररथाचं, उदाहरण घेऊ. रात्रभर मिरवणूक चालते, झांक्यांबरोबर आखाडे असतात, पट्टा, बनेटी, तलवार फिरते, आणि बऱ्याचदा फिरवणारं पोर दहा-बारा वर्षांचं असतं. तुम्ही त्याचा वीस सेकंदांचा तुकडा टाकता, वर लिहिता 'आमचा वाघ! 🔥'. मशीनला दिसतं काय? अंधार, गर्दी, आरडाओरडा, धारदार हत्यार, लहान मूल. इथे शस्त्राच्या कलमाबरोबर मुलांच्या सुरक्षेचं कलमही येतं आणि ते सगळ्यात कडक असतं.

तोच तुकडा असा टाका: 'इंदूरची अनंत चतुर्दशी मिरवणूक. आखाड्याच्या विद्यार्थ्यांचं पारंपरिक पट्ट्याचं प्रात्यक्षिक, उस्तादांच्या देखरेखीखाली.' सुरुवातीची तीन सेकंदं झांकीची आणि बॅनरची ठेवा, मग प्रात्यक्षिक. उस्ताद चौकटीत दिसू द्या. यूट्यूबच्या नियमांत शैक्षणिक, माहितीपर, वैज्ञानिक आणि कलात्मक संदर्भाला सूट आहे, पण तो संदर्भ व्हिडिओच्या चित्रात, आवाजात, शीर्षकात किंवा वर्णनात दिसावा लागतो.

आणि कट्ट्याच्या निमंत्रणात नुसतं 'कट्टा' न लिहिता 'साहित्य कट्टा : कवितावाचनाची बैठक' असं लिहा. किंमत न म्हणता 'प्रवेशमूल्य' म्हणा. सभागृहाचं नाव घाला.

विरोधी गटानं पन्नास जणांकडून रिपोर्ट करवलं. त्यामुळे पोस्ट जाते का?

मेटाची भूमिका अशी आहे की रिपोर्टच्या संख्येवर निर्णय होत नाही. नियमभंग असेल तर एक रिपोर्ट पुरतो, नसेल तर पन्नासही कमी. आपल्या लोकांना 'तुम्हीही त्यांचं रिपोर्ट करा' असं सांगू नका. ठरवून खोटं रिपोर्टिंग हाच नियमभंग ठरू शकतो.

स्ट्राइक किती झाले की खातं जातं?

फेसबुकवर पहिल्या स्ट्राइकला इशारा मिळतो. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत एखाद्या सुविधेवर मर्यादित बंदी येते, उदाहरणार्थ ग्रुपमध्ये काही काळ लिहिता न येणं. सातव्याला १ दिवस काहीही टाकता येत नाही, आठव्याला ३ दिवस, नवव्याला ७, दहाव्यापासून ३० दिवस. ही रचना फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाली. स्ट्राइक वर्षभरानं मोजणीतून जातो. मुलांच्या शोषणासारख्या प्रकारांत मात्र ही उतरंड लागू नाही, खातं थेट बंद होतं.

यूट्यूबवर पहिल्या वेळी इशारा. त्यानंतरच्या पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा अपलोड बंद, त्यापासून ९० दिवसांत दुसरा आला तर दोन आठवडे, तिसरा आला तर चॅनेल बंद. व्हिडिओ स्वतः डिलीट केल्यानं स्ट्राइक जात नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

स्थिती बघायला इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट स्टेटस' आहे, फेसबुक पेजसाठी 'पेज स्टेटस'. महिन्यातून एकदा ते उघडून बघा. एकाच्या खात्यावर बंदी आली म्हणून अख्खं पेज अडकू नये यासाठी पेजवर पूर्ण अधिकार असलेली किमान दोन माणसं ठेवा.

अपील कसं करायचं? पायऱ्या सांगा.

पहिली पायरी कंपनीचीच. सूचनेत 'निर्णयाशी असहमत' किंवा 'रिव्ह्यू मागा' असं बटण येतं, ते वापरा. बंद केलेल्या फेसबुक खात्यासाठी अपिलाची मुदत १८० दिवस आहे. ती टळली की खातं कायमचं गेलं. मेटानं अपीलही फेटाळलं तर १५ दिवसांत ओव्हरसाइट बोर्डाकडे, म्हणजे मेटाचे निर्णय पुन्हा तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे, जाता येतं, पण बोर्ड अगदी मोजकी प्रकरणं निवडतं. त्यावर विसंबू नका.

दुसरी पायरी भारतातला तक्रार अधिकारी. त्याचा संपर्क कंपनीच्या वेबसाइटवर असतो, तो असणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच २४ तासांत मिळायला हवी. निकालासाठी २०२१ च्या नियमांत १५ दिवस होते, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनंतर ७ दिवस. मोठ्या कंपनीनं स्वतःहून मजकूर काढला असेल तर कारण कळवणं आणि तुमचं म्हणणं मांडायची संधी देणं नियम ४(८) प्रमाणे तिचं कर्तव्य आहे. तक्रारीत या नियमाचा उल्लेख करा.

तिसरी पायरी सरकारची तक्रार अपील समिती. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या आणि १ मार्च २०२३ पासून ऑनलाइन अपील घेतलं जातं, जीएसी डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर. तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर हाती आल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं. समितीनं ३० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असा नियम आहे. दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत, सगळं घरबसल्या होतं. तरीही इथपर्यंत फार थोडे पोचतात, कारण दुसऱ्या पायरीचं उत्तर जपून ठेवलेलं नसतं.

त्यानंतर उच्च न्यायालय, म्हणजे आपल्यासाठी इंदूर खंडपीठ. तिथे वकिलाशिवाय जाऊ नका.

तक्रारीत नेमकं काय लिहायचं?

राग लिहू नका. 'आमच्या संस्कृतीचा अपमान झाला' या वाक्याला कोणतंही कलम लागत नाही. असं लिहा:

'काढलेल्या पोस्टचा दुवा सोबत आहे. काढल्याची तारीख १२ सप्टेंबर, वेळ रात्री ९.४०. लावलेलं कलम : शस्त्रविक्री. वस्तुस्थिती : पोस्ट मराठीत आहे. मराठीत कट्टा म्हणजे गप्पांची किंवा साहित्याची बैठक. पोस्टमध्ये कवितावाचनाची वेळ, सभागृहाचा पत्ता आणि प्रवेशमूल्य आहे. शस्त्राचं चित्र, वर्णन किंवा विक्रीचा प्रस्ताव नाही. मागणी : पोस्ट परत लावावी, स्ट्राइक काढावा, फेरतपासणी मराठी जाणणाऱ्या व्यक्तीकडून व्हावी.'

एवढं पुरे. एका तक्रारीत एकच पोस्ट. पाच पोस्ट एकत्र केल्या की सगळ्यात कमजोर पोस्टवरून पाचही फेटाळल्या जाण्याची भीती असते. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीनं कंपन्यांना आपले नियम राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत द्यायला सांगितलं आहे. मराठी त्यात आहे, तेव्हा 'लागू केलेला नियम मराठीत द्या' ही मागणीही बिनधास्त करा.

आरती आमचीच, गायलो आम्हीच, तरी यूट्यूबचा कॉपीराइट दावा?

सतराव्या शतकातल्या आरतीच्या शब्दांवर कोणाची मालकी नाही. पण एखाद्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणावर आहे, आणि भारतात ती प्रकाशनानंतर ६० वर्षं राहते. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा चालसुद्धा ओळखते. तुमच्या पेटी-तबल्यावरची तीच चाल तिला त्या मुद्रणासारखी वाटू शकते.

आधी बघा की 'दावा' आहे की 'स्ट्राइक'. दाव्यानं चॅनेलला धोका नसतो, फार तर जाहिरातीचे पैसे दुसऱ्याला जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. दावा चुकीचा असेल तर हरकत घ्या आणि लिहा : 'शब्द व चाल पारंपरिक, सादरीकरण आमच्या सभासदांचं, पार्श्वभूमीला कोणतंही मुद्रण नाही.' समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्यानं दावा कायम ठेवला तर अपील, तिथे त्याला ७ दिवस. इथे जपून राहा. अपिलानंतर तो व्हिडिओ कायदेशीररीत्या काढायला लावू शकतो आणि मग मात्र स्ट्राइक बसतो. त्यावर प्रति-नोटीस देता येते आणि समोरच्यानं १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. मागे स्पीकरवर कॅसेट वाजत असेल तर हा खटाटोप करू नका, दावा बरोबरच आहे.

धार्मिक समारंभात आणि वरातीत गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण ती त्या समारंभापुरती. त्याचं चित्रण नेटवर चढवणं ही वेगळी गोष्ट. थेट प्रक्षेपणात पूर्ण गाणं सलग आलं की आवाज बंद पडतो किंवा प्रक्षेपण तुटतं. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, डीजेच्या गाडीजवळ उभं राहून लाइव्ह करू नका, ढोल-ताशाच्या पथकाजवळ उभे राहा.

मुलीचा फोटो मॉर्फ करून, म्हणजे त्यात फेरफार करून, टाकला आहे. सगळ्यात आधी काय?

पुरावा, मग रिपोर्ट. या क्रमात चूक होऊ देऊ नका. स्क्रीनशॉट तर घ्याच, पण पोस्टचा आणि प्रोफाइलचा पूर्ण दुवा, तारीख, वेळ वेगळी लिहून ठेवा. प्रोफाइलचं नाव क्षणात बदलता येतं, दुव्यातला आकडी ओळख क्रमांक बदलत नाही.

मग अॅपमध्ये रिपोर्ट आणि त्याच वेळी तक्रार अधिकाऱ्याला मेल. नग्न, लैंगिक किंवा मॉर्फ केलेल्या चित्रांसाठी नियम वेगळा आहे. २०२१ पासून मुदत २४ तास होती, फेब्रुवारी २०२६ पासून २ तास. तक्रार ती स्वतः किंवा तिच्या वतीनं कोणीही करू शकतं. मेलच्या विषयात 'नियम ३(२)(ब) खाली तक्रार' असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती सर्वसाधारण रांगेत पडते.

तिसरं, १८ वर्षांवरील व्यक्तीसाठी स्टॉपएनसीआयआय ही सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्यांना मिळतो. १८ खालच्यांसाठी 'टेक इट डाउन'.

पोलिसांत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही तक्रार होते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. काढलेला मजकूर कंपनीनं १८० दिवस जपून ठेवायचा असतो, म्हणजे पोलिस तक्रार त्या आत झालीच पाहिजे. आणि घरच्यांनो, त्या मुलीचा फोन काढून घेऊ नका. पुरावा त्यातच आहे, आणि चूक तिची नाही.

पोस्ट दिसत नाही, पण काढल्याची सूचनाही नाही. असं का?

अमेरिकेतल्या भाच्याला दुवा पाठवा. तिथे उघडली आणि इथे नाही, तर मजकूर फक्त भारतात अडवला आहे, बहुधा कायदेशीर मागणीमुळे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचे, म्हणजे सरकारनं मजकूर अडवण्याचे, आदेश २००९ च्या नियमांप्रमाणे गोपनीय असतात, म्हणून कारण कळणं कठीण. याशिवाय गृह मंत्रालयाच्या सहयोग पोर्टलवरूनही कंपन्यांना नोटिसा जातात. त्याविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

तिथेही उघडली नाही, तर कंपनीनं काढली आहे. सपोर्ट इनबॉक्स नीट बघा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी भलतंच टाकलं तर अॅडमिन अडकतो का?

दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टसाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. ठरवून, मिळून केलं असेल तर गोष्ट वेगळी. तरी पोलिस ठाण्यात बोलावलं जाण्याचा त्रास टळत नाही. सणांच्या आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली प्रतिबंधात्मक आदेश निघतात तेव्हा त्यात सोशल मीडियाचा उल्लेख आहे का, ते मूळ आदेशात वाचा, फॉरवर्डमध्ये नाही.

व्हॉट्सअॅपचे मेसेज कंपनी वाचू शकत नाही. तुम्ही रिपोर्ट केलं तरच शेवटचे पाच मेसेज तिच्याकडे जातात. म्हणून इथली खरी राखण अॅडमिनचीच. चुकीचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा, वातावरण तापलं असेल तेव्हा 'फक्त अॅडमिन लिहू शकतील' करा. एप्रिल २०२० पासून पुष्कळदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. त्यावरची दुहेरी बाणाची खूण दिसली की थांबा आणि मूळ कुठलं ते शोधा.

एआयनं अहिल्यादेवींचं बोलतं चित्र केलं आहे. टाकावं का?

टाका, पण एआयनं केलेलं आहे हे जाहीर करून. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीपासून मोठ्या प्लॅटफॉर्मवर असा मजकूर टाकताना ते सांगावं लागतं आणि त्यावर स्पष्ट लेबल लागतं. लेबल कापून पुन्हा टाकू नका.

पोस्ट बूस्ट केली, जाहिरात नाकारली. पैसे गेले का?

नाकारलेली जाहिरात चालत नाही, म्हणून तिचे पैसे लागत नाहीत. पाणी, रस्ते, निवडणूक असा विषय असेल तर मेटा ती 'सामाजिक प्रश्न, निवडणूक किंवा राजकारण' या गटात धरू शकतं. त्यासाठी जाहिरात देणाऱ्यानं आधी ओळखपत्रानं पडताळणी करून घ्यायची असते आणि खर्च कोणी केला ते जाहिरातीवर लिहायचं असतं. पडताळणीला वेळ लागतो, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुरू करू नका.

'तुमच्या पेजनं नियमभंग केला आहे, २४ तासांत अपील करा' असा मेसेज मेसेंजरवर आला. दुवा उघडू का?

नाही. हा मेसेज चोराचा आहे. अशा मेसेजात निळी खूण काढलेला लोगो, 'पेज सपोर्ट टीम' असलं नाव आणि घाई असते. दुवा उघडला की फेसबुकसारखंच पान येतं, तिथे पासवर्ड आणि नंतर सहा आकडी कोड मागतात. तो कोड दिला की पेज काही मिनिटांत हातातून जातं आणि वर्षानुवर्षांचे फोटो असलेल्या पेजवर क्रिप्टोच्या जाहिराती सुरू होतात.

खरा नियमभंग पेज स्टेटसमध्ये आणि सपोर्ट इनबॉक्समध्ये दिसतो. तिथे काही नसेल तर मेसेज खोटा. कोड दिला गेला असेल तर त्याच क्षणी पासवर्ड बदला, 'तुम्ही कुठे लॉग इन आहात' मध्ये जाऊन बाकी सगळी उपकरणं बाहेर काढा आणि दुसऱ्या पूर्ण अधिकाराच्या अॅडमिनला फोन करून त्याच्याकडून तुमचे अधिकार तात्पुरते काढायला सांगा. दुसरा अॅडमिन असावा असं वर म्हटलं ते यासाठीही.